न्यू जर्सीतली शाळा आणि रंगाचे प्रश्न

ताई, तुम्ही कोथरूडहून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालाय. तिसरीत जाणाऱ्या लेकीला वर्गात कोणी "तू ब्राऊन का?" असं विचारलं, किंवा तिलाच असं काही विचारावंसं वाटलं, तर शाळेतले काउन्सेलर (समुपदेशक) काय करतात, हा तुमचा प्रश्न. सुरुवात ॲडमिशनच्या फॉर्मपासूनच करते.

फॉर्मवर वंशाची माहिती विचारतात. "अमेरिकन इंडियन" म्हणजे तिथले मूलनिवासी, आपण "एशियन". घाईत "इंडियन" शब्द दिसतो आणि चुकीच्या चौकोनात खूण होते. रकाना कोरा ठेवला तर शाळेचे लोक अंदाजाने भरू शकतात, म्हणून स्वतःच भरा. हाच घोळ मुलांच्या डोक्यातही असतो. "तू कुठल्या जमातीची?" हा प्रश्न बहुधा त्यातूनच येतो, खोडसाळपणातून नाही.

आपल्याकडे समुपदेशकाकडे पाठवलं की काहीतरी बिनसलंय असं समजतात. तिथे काउन्सेलर वर्गात येऊन धडे घेतात, चार-पाच मुलांचे गट बसवतात. २५० मुलांमागे एक काउन्सेलर असावा अशी शिफारस आहे, पण बऱ्याच शाळांत एका काउन्सेलरकडे मुलं त्याहून जास्त असतात. त्यामुळे भेटी थोडक्यात होतात. दीर्घ उपचार हे त्यांचं काम नाही.

प्रश्न आला की चांगला काउन्सेलर लगेच उत्तर देत नाही. "हे कुठे ऐकलंस? ऐकून तुला कसं वाटलं?" असं आधी विचारतो. कारण एकाच वाक्यामागे निव्वळ कुतूहल असू शकतं, किंवा डब्यावरून झालेली चेष्टाही. मग वयाला झेपेल एवढी खरी माहिती: त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य सगळ्यांनाच असतं, प्रमाण वेगळं, ते आईबाबांकडून येतं. "आम्हाला रंग दिसतच नाही" असं तो म्हणत नाही, म्हणूही नये. मुलाला रंग दिसतोच. मोठे टाळतात म्हटल्यावर त्यात काहीतरी लाजिरवाणं आहे एवढंच ते शिकतं. शेवटी एखादं उत्तर तो मुलाकडून म्हणवून घेतो: "आम्ही भारतातून आलोय, घरी मराठी बोलतो. तुम्ही?"

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" हे वाक्य निघायच्या आधीच घरातून जायला हवं. आजी-आजोबांनाही सांगा. कृष्णवर्णीय मुलाकडे बघून "तो काळा" असं आपण मराठीत सहज बोलतो, आणि त्या शब्दामागचा सूर मूल उचलतं. तेच शाळेत इंग्रजीत बाहेर पडलं तर समोरचं मूल दुखावतं आणि शाळेचा फोन तुम्हाला येतो. लेकीने रस्त्यात मोठ्याने प्रश्न विचारला तर "शू!" करू नका. तिथेच दोन वाक्यांत उत्तर द्या.

चेष्टा झाली तर न्यू जर्सीचा २०११ पासूनचा दादागिरीविरोधी कायदा बराच कडक आहे. वंश, रंग किंवा मूळ देशावरून झालेला एकच प्रसंगही त्यात बसू शकतो, मात्र त्याने शाळेच्या कामकाजात किंवा मुलाच्या हक्कांत मोठा अडथळा यायला हवा. प्रत्येक शाळेत यासाठी नेमलेली व्यक्ती असते, पुष्कळदा काउन्सेलरच. तक्रार आल्यावर शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू आणि लेखी नोंदीपासून १० शालेय दिवसांत पूर्ण, असा नियम आहे. पालकांची चूक एकच होते: गेटवर शिक्षिकेला तोंडी सांगतात आणि वाट बघत बसतात. मुख्याध्यापकांना ईमेल करा. तारीख, जागा, कोण हजर होतं आणि मुलाने ऐकलेले इंग्रजी शब्द जसेच्या तसे लिहा. "वाईट बोलला" एवढ्यावर चौकशी पुढे सरकत नाही.

काउन्सेलर मुलाचं बोलणं शक्यतो गोपनीय ठेवतात. जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तर मात्र सांगावं लागतं. घरी आल्यावर लेकीची उलटतपासणी घेऊ नका, नाहीतर ती तिथे बोलणंच सोडेल.

घरची भाषा मराठी हे लपवू नका. इंग्रजीची चाचणी होऊ शकते, होऊ द्या. भाषेची नोंदच नसेल तर मुलीचं गप्प राहणं नुसतं बुजरेपण समजलं जातं. आणि नावात "ज्ञ" किंवा "ळ" असेल तर पहिल्याच दिवशी शिक्षिकेला उच्चार रेकॉर्ड करून पाठवा.