पाच वाजता खुर्ची सोड

‘मावशी, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम मी तीन वर्षं गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या सासरच्या घरातून करते. सकाळी आठला उघडलेला लॅपटॉप रात्री दहाला मिटतो. सासूबाई मध्येच नारळ खरवडायला हाक मारतात. शेजारणी म्हणतात, “तुजी बरी मजा गो, घराच बसून पगार.” नवऱ्यालाही तसंच वाटतं. चिऱ्यांच्या जाड भिंतींमुळे आत रेंज येत नाही, म्हणून पुढच्या ओसरीवर, बाल्कांवात, सासऱ्यांची खुर्ची हलवून माझं टेबल टाकलंय. ते आता आतच असतात. काम आणि घर यांचा तोल कसा सांभाळू?’

बाय,

पत्र दोनदा वाचलं. इथे थोडक्यात छापलंय, मूळ तीन पानी आहे. त्यात कंपनीवर एक अख्खं पान, नारळावर अर्धं, शेजारणींच्या जिभेवर उरलेलं. सासऱ्यांच्या वाट्याला काय? चार शब्द. ‘ते आता आतच असतात.’

आत म्हणजे कुठे गो? टीव्हीसमोर? अंथरुणावर? ज्या माणसानं जन्मभर संध्याकाळ बाल्कांवात घालवली, त्याला मधल्या खोलीच्या अंधारात ढकललंस, आणि तोल कसा सांभाळू म्हणून मला विचारतेस!

पाचच्या सुमाराला वळणावर पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजतो. बाल्कांवातला म्हातारा नुसता हात वर करतो. सायकल थांबते, टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला होतं, चार उंडे नि दोन पोळ्या असे पाव हातात येतात, आणि त्यांच्याबरोबर वाड्यावरची बातमी: कोणाला रात्री बांबोळीच्या इस्पितळात नेलं, जत्रेच्या नाटकात यंदा कोण उभा राहतोय. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा कोणी सोप्यावर, बाल्कांवातल्या बांधीव बाकावर, टेकतो, काजूच्या दरावरून दोघांची जुंपते. आता तिथे तू, कानाला हेडफोन लावून. येणारे गेटावरूनच मागे फिरत असतील, ‘सुनेचं काम चाललंय’ म्हणून.

आम्ही एकदा रंगकामाच्या निमित्तानं बाबांची वोल्तेर, लांब हातांची आरामखुर्ची, माडीवर नेऊन ठेवली होती. पंधरा दिवस. घरात खुर्च्या कमी नव्हत्या, पण रोज पाच ते सात बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे.

तुझ्या कंपनीचं काय करायचं? पोर्तुगालमध्ये १ जानेवारी २०२२ पासून कायदाच आहे: आणीबाणी सोडली तर कामाच्या वेळेबाहेर मालकानं कामगाराला त्रास द्यायचा नाही. बघ नशीब. १९६१ मध्ये पोर्तुगीज गोव्यातून गेले ते आपल्याला बाल्कांव ठेवून गेले, आणि हा कायदा सुचला साठ वर्षांनी, तोही त्यांच्यापुरता. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशा अर्थाचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा दिल्लीची वाट बघू नकोस. तसंही पुण्याचं आणि फोंड्याचं घड्याळ एकच आहे, तुला काही अमेरिकेची रात्रपाळी नाही. ऑफिसात जाणाऱ्या बाईला शेवटची बस उठवते. तुला उठवणारं कोणी नाही, म्हणून रात्रीचे दहा वाजतात.

तुझी बस आत बसली आहे. आजच जाऊन सांग, ‘बाबा, उद्यापासून पाचला तुमची जागा तुम्हाला.’ आठ ते पाच नऊ तास होतात, जेवणाचा एक वजा केलास तरी कंपनीचे आठ भरले. पाचला टेबल मिटवायचं, खुर्ची जागेवर. रेंज फक्त बाल्कांवात येते ना? मग पाचनंतर तुला रेंज नाही. वरिष्ठांना हेच कळवायचं, आणि यात एक अक्षर खोटं नाही.

कोणीतरी शहाणा म्हणेल, आतल्या खोलीत वायफाय बसवून घे, प्रश्न मिटला. मुळीच घेऊ नकोस! आत रेंज आली की लॅपटॉप अंथरुणापर्यंत येईल, मग देवसुद्धा तुला उठवू शकणार नाही.

नारळ पाचनंतर खरवड. नाहीतर नवऱ्याला आडोळीवर, खोवणीच्या विळीवर, बसव, त्यालाही दोन हात आहेत. शेजारणींना उत्तर द्यायची गरज नाही.

खुर्ची माडीवर टाकली असशील तर आज रात्रीच खाली उतरव. वेत सुटला असेल तर विणून घे. पहिल्या दिवशी ते भिडेखातर म्हणतील, ‘असूं दी गो, कर तुजें काम.’ तू ऐकू नकोस, टेबल मिटव. पोदेर वळणावर आलेला असेल.