नागपूरहून अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर शोअर डायव्हिंगला (बोटीऐवजी किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरून केलेलं स्कूबा डायव्हिंग) जातोय. त्या दिवशी भरती सकाळी साडेनऊला आहे, तर किनाऱ्यावर किती वाजता पोहोचावं?

आठपर्यंत पोहोचा, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास पाण्यात उतरता येईल. भरती पूर्ण होताना पाणी थोडा वेळ थबकतं, ओढ कमी असते आणि उथळ प्रवाळावरून सिलिंडर पाठीवर घेऊन ठेचकाळत जावं लागत नाही. मधला सव्वा तास तब्येतीचा फॉर्म, सूट, वजनाचा पट्टा आणि सूचना यांत सहज जातो. चार-पाच जण असाल तर अर्धा तास आणखी धरा. दिवस बदलला तर भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. संध्याकाळवर मात्र ढकलू नका, डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या आसपासच मावळतो, आपल्या नागपूरपेक्षा लवकर. वारा जोरात असेल तर हे गणित सोडा. स्थानिक प्रशिक्षक सांगेल तीच वेळ.

आणि खरी चूक लोक परतीच्या तिकिटात करतात. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीनुसार विमानाआधी एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर 18 तास जाऊ द्यावे लागतात. डाइव्हआधी विमानाने तिकडे जाताना अशी अट नाही.