ओळख पटत नाही, म्हणून कीटक नवा ठरतो का?

प्रश्न : गेले दोन पावसाळे मी एका झुडपाच्या कोवळ्या फांद्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे ट्रीहॉपर पाहत आहे. त्यांच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना शिंगे आहेत आणि पाठीवरून एक काटा थेट शेपटाकडे गेलेला आहे. छायाचित्रे भरपूर काढली आहेत. परंतु ओळख पटवणारे ॲप आणि दोन जाणकार यांपैकी कोणालाही कुलापलीकडे काही सांगता आले नाही. ही प्रजाती नवी असू शकेल काय? असल्यास ती तशी जाहीर करण्याची रीत कोणती?

उत्तर : नवी असू शकेल. मात्र आपल्या पत्रावरून आज एवढेच म्हणता येते, की तिचे नाव सांगू शकणारा माणूस आपल्याला अद्याप भेटलेला नाही. ट्रीहॉपर हे मेम्ब्रॅसिडी या कुलातले रसशोषक कीटक असून पिकांवरच्या तुडतुड्यांचे ते जवळचे नातलग आहेत. या कुलातल्या तीन हजारांहून अधिक प्रजातींना आजवर नावे मिळाली आहेत आणि त्यांची वर्णने अठराव्या शतकापासून निरनिराळ्या भाषांतल्या नियतकालिकांत विखुरलेली आहेत. त्यांतली कित्येक वर्णने चारसहा ओळींची, चित्राविना छापलेली आहेत. आपला कीटक अशाच एखाद्या चार ओळींत आधीच नोंदला गेलेला नाही, याची खात्री करून घेणे हे या कामातले सर्वांत मोठे आणि सर्वांत कंटाळवाणे काम होय. स्टुअर्ट मॅककेमी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली सूची त्यासाठी हाताशी असते, पण सूचीत सापडतात ती नावे. नावामागचा कीटक पाहायचा असेल तर त्याच्या नामधारक नमुन्यापर्यंत, म्हणजे कोणत्या तरी संग्रहालयाच्या पेटीत टाचणीला लावून ठेवलेल्या त्या एका वाळक्या कीटकापर्यंत, जावेच लागते.

शिंगांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली सारी भिस्त त्यांच्यावरच दिसते. ती शिंगे आणि तो काटा डोक्याचे भाग नव्हेत. छातीच्या पहिल्या खंडाचे पाठीकडील कवच, ज्याला प्रोनोटम म्हणतात, ते वाढून हा आकार तयार होतो. पिल्लांमध्ये ते बहुधा असे वाढलेले नसते आणि शेवटची कात टाकल्यावरच कीटकाला हा पूर्ण थाट येतो. एकाच प्रजातीतल्या नर आणि मादी यांच्या प्रोनोटमचा आकार पुष्कळदा वेगळा असतो. एकाच लिंगाच्या दोन कीटकांतही शिंगांची लांबी कमीजास्त आढळते. त्यामुळे पूर्वी कित्येकदा नराला एक आणि मादीला दुसरे नाव दिले गेले आणि पुढे त्यांतले एक नाव समानार्थी म्हणून बाजूला काढावे लागले. एकाच कीटकावरून नवी प्रजाती जाहीर करण्याचा मोह आवरावा असे मी म्हणतो ते याचसाठी. दोन्ही लिंगांचे आणि शक्य तर पिल्लांचेही नमुने एकाच झाडावरून मिळवावेत.

निर्णायक पुरावा बहुधा नराच्या जननांगांत मिळतो आणि तो छायाचित्रात येत नाही. नमुन्याचे उदर अलगद सुटे करून कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य, कोमट द्रावणात ठेवतात. आतले मांस विरघळून जाते आणि मागे मधासारख्या रंगाचे पारदर्शक कवच उरते. ते पाण्यात धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने जरासे कलते केले, की शिश्नाचा बाक, त्याच्या टोकाजवळचे सूक्ष्म दाते आणि बाजूच्या आकड्यांची वळणे स्पष्ट होतात. बाहेरून जुळ्या वाटणाऱ्या दोन प्रजाती येथे वेगळ्या पडतात. हे सुटे भाग फेकून देत नाहीत. ग्लिसरीन भरलेल्या इवल्याशा नळीत घालून ती नळी त्याच नमुन्याच्या टाचणीवर खोचून ठेवतात. याखेरीज पंखांच्या शिरा, पायांवरच्या केसांच्या रांगा आणि मादीचे अंडी घालण्याचे पाते यांचीही तुलना होते. हल्ली नमुन्याचा एखादा पाय काढून त्यातला डीएनए वाचला जातो. ती मदत मोलाची आहे. परंतु तुलनेसाठी जवळच्या प्रजातींचे डीएनए उपलब्ध नसतील तर त्या अक्षरमाळेतून फारसे काही निघत नाही.

आकाराने काहीच वेगळे न दिसणाऱ्या प्रजातीही असतात. उत्तर अमेरिकेतला एन्केनोपा बायनोटाटा हा ट्रीहॉपर १८२४ साली एकच प्रजाती म्हणून वर्णिला गेला. पुढे असे ध्यानात आले की हा प्रत्यक्षात अनेक प्रजातींचा समूह असून त्यांतली प्रत्येक आपापल्या यजमान झाडाला धरून राहते आणि तिचे नर देठातून जी कंपने पाठवून माद्यांना साद घालतात, तीही निराळी असतात. म्हणून आपल्या वहीत झुडपाचे नाव, फांदीची जागा, तारीख आणि सोबत मुंग्या होत्या की नाही, एवढे तरी नोंदवावे. पिल्ले ज्या झाडावर दिसतील त्या झाडाची नोंद अधिक विश्वासार्ह होय, कारण प्रौढ कीटक उडून कोठेही बसू शकतो.

एवढे सर्व जमल्यावर लेखनाची पाळी येते. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नाव नवे असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, ही प्रजाती इतरांहून कशी वेगळी आहे ते शब्दांत सांगावे लागते आणि एक नमुना होलोटाइप, म्हणजे नामधारक, म्हणून नेमून तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे, हे नमूद करावे लागते. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या प्रकाशनांना २०१२ पासून मान्यता मिळाली; मात्र त्यांची झूबँक या नोंदवहीत नोंद हवी. नाव रोमन लिपीतच हवे. वर्णन मात्र कोणत्याही भाषेत चालते, अगदी मराठीतही, जरी ते वाचणारे तज्ज्ञ त्यामुळे माझ्यावर रुसतील.

प्रश्न : कीटक न मारता, केवळ छायाचित्रांवरून हे काम होणार नाही काय?

उत्तर : संहितेने तो मार्ग पूर्णपणे बंद केलेला नाही आणि क्वचित कोणी तो चोखाळलाही आहे, परंतु त्यावर तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. ट्रीहॉपरच्या बाबतीत माझे उत्तर नाही असेच आहे, कारण छायाचित्राचे उदर उघडून पाहता येत नाही. उद्या कोणाला शंका आली तर तपासायला मूळ वस्तू हवी. काही नमुने कार्डाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवून टाचणीला लावावेत आणि काही डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. गोळा करण्यापूर्वी त्या जागेसाठी परवानगी लागते काय, याची चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : शोध माझा असल्यास त्या प्रजातीला माझ्या आईचे नाव देता येईल काय, आणि त्याला किती काळ लागेल?

उत्तर : नाव देण्याचा अधिकार वर्णन प्रसिद्ध करणाऱ्या लेखकाचा असतो, प्रथम पाहणाऱ्याचा नव्हे. तथापि नमुने आपण दिलेत तर लेखक बहुधा आपली इच्छा विचारात घेईल. स्त्रीच्या नावाला लॅटिन षष्ठीप्रमाणे शेवटी ए आणि ई ही रोमन अक्षरे जोडतात. २०२० साली निकाराग्वातल्या एका ट्रीहॉपरला कैकाइया गागा हे नाव लेडी गागा या गायिकेवरून दिले गेले, तेव्हा आपल्या मातोश्रींना अडचण पडू नये. स्वतःचे नाव देण्यास संहितेची मनाई नाही. पण ते शोभत नाही, असा या क्षेत्रातला संकेत आहे.

काळाचे म्हणाल तर त्या कैकाइया गागाचा नमुनाही संग्रहात वर्षानुवर्षे पडून होता. नमुना गोळा होण्यापासून त्याचे वर्णन छापून येईपर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षे जातात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आपण यंदाच नमुने आणि नोंदी या कुलाच्या अभ्यासकाकडे पोहोचवल्यात तर त्यातली पुष्कळ वर्षे वाचतील.