दुधातलं नेमकं कोणतं प्रथिन बाळाला बाधतं, हे कसं शोधतात?

तुम्ही विचारलंय की दीड वर्षाच्या मुलीला दूध दिलं की अंगावर गांधी उठतात, डॉक्टरांनी गाईच्या दुधाची अॅलर्जी सांगितली. पण दुधातल्या कोणत्या प्रथिनाची, हे कसं कळतं आणि कळून उपयोग काय? मी काही वर्षं प्रयोगशाळेत हेच काम केलंय, म्हणून लिहितो.

आधी प्रथिनं वेगळी करावी लागतात. साय काढलेल्या, न तापवलेल्या दुधात थेंबथेंब आम्ल घालत पीएच (आंबटपणाचं माप) ४.६ वर आणला की केसीन हे प्रथिन साकळून तळाशी बसतं आणि वर निवळ पाणी राहतं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीनच असतं. पाण्यात मुख्यतः बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आणि अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. दूध उकळून नासवलं तर पाण्यातली प्रथिनंही चोथ्यात अडकतात, आणि मग काहीच नीट वेगळं होत नाही.

मग ही प्रथिनं जेलमध्ये, म्हणजे खळीसारख्या घट्ट थरात, आकारानुसार पांगवायची, तिथून कागदासारख्या पातळ पट्टीवर उतरवायची आणि ती पट्टी बाळाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या निवळ द्रवात, रात्रभर भिजत ठेवायची. लहान मुलाचं रक्त मिळून मिळून किती मिळणार? त्यामुळे एकेक थेंब जपून वापरावा लागतो. सीरममधली आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे अॅलर्जी घडवणारी शरीराची संरक्षक प्रथिनं, आपापल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. पट्टी धुऊन, आयजीईला पकडणारं रंग देणारं द्रव्य घातलं की त्या त्या जागी रेघ उमटते. एरवी अशा पट्टीची रिकामी जागा झाकायला आम्ही दुधाचीच पावडर वापरतो. इथे ती वापरली की सगळी पट्टी रंगते! नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

बहुतेक मुलांच्या पट्टीवर एकापेक्षा जास्त रेघा येतात. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आईचं शरीर बनवतच नाही, म्हणून पूर्वी सगळा दोष त्याच्याच माथी मारला जायचा. पण केसीनही तितकंच महत्त्वाचं आहे. शिवाय जेलमध्ये घालताना प्रथिनांची घडी, म्हणजे त्यांच्या साखळीचा गुंडाळलेला आकार, मोडते. काही मुलांची प्रतिपिंडं ती घडीच ओळखतात. त्यांच्या पट्टीवर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची रेघ पुसट येते, म्हणून प्रथिनं न मोडता केलेली दुसरी चाचणी जोडीला हवीच.

आता उपयोग. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची घडी उष्णतेने उलगडते. केसीनला मुळात पक्की घडी नसते, त्यामुळे तापवून त्याचं फारसं बिघडत नाही. म्हणूनच केसीनविरुद्धची प्रतिपिंडं खूप असलेल्या मुलांना भट्टीत भाजलेल्या पदार्थातलं दूधही बाधण्याची शक्यता जास्त, आणि त्यांची अॅलर्जी लांबण्याचीही. तुमच्या डॉक्टरांना केसीनविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आकडा वेगळा मागा. साध्या रक्तचाचणीतही तो मिळतो, पट्टीची गरज नाही.

मात्र रेघ म्हणजे आजार नव्हे. प्रतिपिंडं असूनही दूध पचवणारी मुलं मी पाहिलीत. खरा निकाल डॉक्टरांसमोर, औषधं हाताशी ठेवून, थोडंथोडं दूध पाजूनच लागतो. हे घरी अजिबात करू नका. आणि शेळीचं दूध देऊन पाहू नका. त्यातलं केसीन गाईच्या केसीनशी इतकं मिळतंजुळतं असतं की गाईचं दूध बाधणाऱ्या बहुतेक मुलांना तेही बाधतं.