पेशंटच्या पोटावर हात ठेवताना तुम्हाला कुणी बघितलंय का?

प्रश्न : डॉक्टरबाई नमस्कार. माझ्या भावाची मुलगी अमेरिकेत डीओ करतेय, तिसरं वर्ष. डिसेंबरच्या सुट्टीत आली होती तर घरात जो तो विचारतोय, हे हाडं बसवायचं शिक्षण काय गो? समजावून समजावून ती थकली. मग बोलता बोलता म्हणाली की पूर्वी लायसन्स मिळायच्या आधी नकली पेशंट तपासून दाखवायची परीक्षा असायची, ती आता बंद झाली, कॉलेजच लिहून देतं की हिला येतं म्हणून. ती खूश होती पण मला चुटपुट लागून राहिलीय. मग ह्या मुलांचा हात बघतो कोण?
– एक आत्या, फोंडा

उत्तर : आत्याबाई, आधी घरच्यांचं बघूया. अमेरिकेतला डीओ म्हणजे ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’, पूर्ण डॉक्टर. पदवीनंतर चार वर्षं मेडिकल, मग रेसिडेन्सी, औषधं लिहितो, ऑपरेशनं करतो, तिथल्या सगळ्या ५० राज्यांत एमडीच्या (तिथली नेहमीची डॉक्टरकीची पदवी) बरोबरीनं प्रॅक्टिस करतो. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरनं १८९२ मध्ये मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलला ह्या पंथाचं पहिलं कॉलेज काढलं. १८६४ मध्ये त्यांची तीन मुलं मेंदूज्वरानं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वासच उडाला, तिथून हे सगळं सुरू झालं. आज ही मुलं बाकी सगळं मेडिकल शिकतातच, वर साधारण २०० तास हातानं सांधे, स्नायू, पाठीचा कणा तपासायचं आणि मोकळं करायचं शिकतात. तेव्हा हाडवैद्य म्हणून कुणी चिडवलं तर तिनं मनाला लावून घेऊ नये.

आता तुमची चुटपुट. ती अगदी रास्त आहे आणि मलाही आहे.

त्यांची लायसन्सची परीक्षा म्हणजे कॉमलेक्स. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात २००४ पासून एक प्रत्यक्ष परीक्षा होती. एका दिवसात १२ पेशंट. पेशंट म्हणजे शिकवून तयार केलेली माणसं, प्रत्येकाला आपलं दुखणं पाठ, कुठे दाबलं की ‘आई गं’ करायचं आणि कुठला प्रश्न विचारला तरच कुठली माहिती द्यायची हेसुद्धा. खोलीच्या दारावर कागद, त्यावर वय, तक्रार, बीपी, नाडी. तो वाचायचा, आत जायचं, १४ मिनिटांत विचारपूस, तपासणी, पेशंटला समजावणं सगळं उरकायचं, काही केसेसमध्ये हाताचे उपचारही करून दाखवायचे, मग बाहेर येऊन ९ मिनिटांत नोट लिहायची. मार्कांच्या टोपल्या दोन होत्या, एकीत वैद्यकीय ज्ञान आणि हातचं कसब, दुसरीत बोलणं, ऐकणं, माणुसकी, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हायचं. निदान एकदम बरोबर पण पेशंटकडे मान वर करून बघितलंच नाही तर नापास. मला ह्या परीक्षेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती थांबली, २०२१ मध्ये बेमुदत, २०२२ मध्ये कायमची बंद. एमडीवाल्यांची तशीच परीक्षा २०२१ च्या जानेवारीतच गेली होती. मुलांच्या तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. केंद्रं दोनच, एक फिलाडेल्फियाजवळ आणि एक शिकागोला, फी हजार डॉलरच्या वर, विमान हॉटेल वेगळं, बहुतेक सगळे पहिल्याच वेळी पास, आणि जो नापास होई त्याला नेमकं काय चुकलं ते नीट कळायचंही नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलांना हे जड जाणारच. आता कॉलेजचे डीन लिहून देतात की ह्या विद्यार्थ्याची क्लिनिकल कौशल्यं आम्ही तपासली आहेत. डीओंची परीक्षा घेणाऱ्या बोर्डानं मधल्या काळात कॉलेजातच पण सगळीकडे सारख्या केसेस देऊन परीक्षा घ्यायचा प्रयोगही सुरू केला, तो मला बरा वाटतो.

तिकडे हे पहिल्यांदा झालेलं नाही. एमडीवाल्यांच्या बोर्डाची खऱ्या पेशंटजवळ उभं राहून घ्यायची परीक्षा १९६४ पर्यंत होती. एक परीक्षक एक मार्क देणार, दुसरा भलताच, म्हणून ती काढून टाकली. मग ४० वर्षं नुसता पेपर. २००४ मध्ये ती नव्या रूपात परत आणली आणि १७ वर्षांत पुन्हा बंद केली. गैरसोय खरी असते, खर्चही खरा असतो, पण म्हणून बघणंच बंद करायचं हे मला पटत नाही. आणि ज्या कॉलेजनं शिकवलं त्याच कॉलेजनं सर्टिफिकेट द्यायचं ह्यात कितीही प्रामाणिकपणा असला तरी चार वर्षं डोळ्यासमोर असलेल्या पोराला नापास करायला हात धजत नाही. मी स्वतः शिकवलंय, मला माहिती आहे.

एक सांगते. मी एकदा प्रॅक्टिकलला परीक्षक होते. मुलगा हुशार, थिअरीत वरचे मार्क, प्लीहा कधी वाढते त्याची कारणं धडाधड सांगितली. मग म्हटलं आता पोट तपास. बाई सत्तरीच्या, आणि सत्तरी तालुक्यातल्याच, योगायोग. त्यानं हात न चोळता थंडगार बोटं सरळ दुखऱ्या जागेवर ठेवली आणि दाबताना बघत होता समोरच्या भिंतीकडे, पाठ केलेलं आठवत असणार. बाईंचा चेहरा आक्रसला, ओठ दाताखाली गेले, ‘दुखता रे बाबा’ म्हणाल्या तेही हळू. त्याला दिसलंच नाही. पोट तपासताना डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवायचे आणि दुखरी जागा शेवटी घ्यायची हे त्यानं वाचलं नव्हतं असं नाही, पण चार वर्षांत ते करताना त्याला कुणी उभं राहून पाहिलं नव्हतं. दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणू? बाहेर आल्यावर त्याला बाजूला घेऊन सांगितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे कुठल्या पेपरात पकडणार होतात?

तेव्हा भाचीला विचारा, अख्खी हिस्टरी आणि तपासणी करताना तुला सीनियर डॉक्टरनं पहिल्यापासून शेवटपर्यंत कितीदा बघितलं आणि नंतर बसून काय सांगितलं? उत्तर दोन-चारदा असं आलं तर तिनं स्वतःहून मागावं, सर दहा मिनिटं उभे राहा म्हणून. आणि पुढच्या सुट्टीत तिला घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाचा गुडघा तपासायला सांगा, कोंकणीतून, इंग्रजी एक शब्द न वापरता, आणि तुम्ही बाजूला बसून बघा.

प्रश्न : कळंगुटच्या बाजूला एकाची ऑस्टिओपॅथ म्हणून पाटी आहे. माझी टॅक्सी आहे, दिवसभर बसून कंबर गेलीय. तो तुमच्या डीओसारखा डॉक्टर का? जाऊ का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : भाऊ, नाव सारखं पण माणूस वेगळा असू शकतो. ब्रिटन-युरोपकडचे ऑस्टिओपॅथ हातानं उपचार करतात, ते तिथे डॉक्टर धरले जात नाहीत. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९९३ चा कायदा आहे आणि रजिस्टर आहे, नाव त्यात आहे का ते कुणालाही शोधता येतं. तेव्हा कुठे शिकलात, किती वर्षं, कुठे नोंदणी, हे बिनधास्त विचारा, जो चांगला असेल त्याला राग येणार नाही. पण पाय लुळा पडतोय, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आलाय, लघवी-संडासवरचा ताबा जातोय, ताप आहे किंवा वजन उतरतंय, ह्यातलं एक जरी असलं तर कुणाकडूनही कंबर दाबून घेऊ नका, थेट म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलला नाहीतर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जा. ताबा जातोय किंवा बधिरपणा असेल तर त्याच दिवशी, उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : मॅडम, मी एमबीबीएसला आहे. ऑस्कीच्या, म्हणजे एकेका स्टेशनवर ठरलेल्या वेळात तपासून दाखवायच्या परीक्षेच्या, स्टेशनला घंटा वाजली की मी गोठते. सगळं येत असतं.
– एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : बाय, ऑस्की रोनाल्ड हार्डन ह्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीला काढली, १९७५ मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि काढली ती मुलांच्या भल्यासाठी, म्हणजे सगळ्यांना सारखे प्रश्न, एका परीक्षकाच्या मर्जीवर काही नाही. रोज रूममेटला पेशंट कर, मोबाईलवर पाच मिनिटं लाव, तिसरी मैत्रीण चेकलिस्ट घेऊन बसू दे. दार उघडल्यावर पहिली चार वाक्यं तोंडपाठच ठेव, नाव सांगणं, त्यांचं नाव विचारणं, काय करणार ते सांगून परवानगी घेणं, हात धुणं. तेवढ्यात भीती उतरते. आणि घंटा झाल्यावर काय राहिलं त्याची उजळणी पुढच्या स्टेशनला करू नको, राहिलं ते राहिलं.

वॉर्डात मात्र घंटा नसते. तिथे आजी म्हणेल ‘घुंवळ येता’, तेव्हा लगेच चक्कर असं लिहून मोकळी होऊ नको. खोली फिरते का, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काळोख येतो का, की नुसता अशक्तपणा, तिघांची कारणं वेगळी. तिच्याजवळ बसून विचार आणि ती सांगेपर्यंत थांब.