‘आमचं काही नाही हो, पण लोक…’

ट्रान्सजेंडर मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्यांदा येतात, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत एक वाक्य हमखास येतं. ‘आमचं काही नाही हो, आम्ही घेऊ समजून. पण समाजाचं काय?’ शब्द थोडे इकडेतिकडे होतात, कधी ‘समाज’च्या जागी ‘नातेवाईक’ येतात, कधी नुसतं ‘लोक’. हे वाक्य अलीकडे इतक्यांदा ऐकलं, की त्याबद्दल एकदा नीट लिहावं असं वाटलं.

पुढची हकीकत एका घराची म्हणून सांगते आहे, पण तिच्यात दोन-तीन घरं मिसळलेली आहेत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलेलं आहे. मुलाचं नाव देत नाही. जुनं दिलेलं त्याला आवडणार नाही आणि नवं त्याचं त्यानं सांगावं.

वय बावीस. जन्मला तेव्हा ‘मुलगी झाली’ असं सांगितलं गेलं होतं. आपण मुलगा आहोत हे त्याला मात्र लहानपणापासून आतून जाणवत होतं. म्हणजे ट्रान्स पुरुष. वर्षभरापूर्वी त्यानं ते घरी सांगितलं. वडील संशोधन क्षेत्रातले, आई बँकेत. आरडाओरडा झाला नाही, घराबाहेर काढलं गेलं नाही.

‘आमच्याकडे भांडण अजिबात नाही,’ वडील म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता.

भांडण खरोखरच नव्हतं, कारण बोलणंच नव्हतं. मी आईंना विचारलं, ‘घरात दिवसभरात काय काय बोलता त्याच्याशी?’

त्या विचार करून म्हणाल्या, ‘जेवण झालं का. चावी घेतली का. चार्जर कुठेय. “आलीस?” म्हटलं की चेहरा पडतो. आणि “आलास” म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हणून दार उघडून मी काही म्हणतच नाही.’

सतत स्त्रीलिंग-पुल्लिंगातून बोलणाऱ्या भाषेत वर्षभर ते टाळून जगायचं, ही किती कसरत असेल! पुढे मुलाला भेटले तेव्हा लक्षात आलं, तोही तेच करत होता. माझ्याशी एकटा असताना ‘मी गेलो, मी सांगितलं’ असं मोकळं बोलायचा. आईवडील खोलीत आले, की ‘जाणं झालं नाही’, ‘बघायला हवं’ अशी वाक्यं सुरू. तिघंही एकमेकांना जपत होते आणि तिघंही थकले होते.

पहिल्या भेटीत वडिलांनी तो दुसरा प्रश्नही विचारला, जो बहुतेक जण उठता उठता विचारतात. ‘यावर काही उपचार? म्हणजे, पूर्ववत…?’ याचं उत्तर मी स्पष्ट देते. ट्रान्सजेंडर असणं हा मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ही गोष्ट मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलेली आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्येच ‘लिंगओळखीचा विकार’ हे निदान काढून टाकलं होतं; त्याजागी आलेलं निदान त्या ओळखीपायी होणाऱ्या त्रासाचं आहे, ओळखीचं नाही. समुपदेशन करून लिंगओळख बदलण्याचे प्रयत्न घातक असतात, असा ठराव अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०२१ मध्ये केला. तेव्हा ‘तुम्ही जरा समजावून बघा ना’ ही विनंती मी हात जोडून नाकारते.

‘आमचं कुठे चुकलं?’ हे आईंनी विचारलं. कुठेच नाही. लाडानं, धाकानं, मैत्रिणींमुळे, मोबाइलमुळे कुणी ट्रान्सजेंडर होत नाही. हे त्यांना मी अनेकदा सांगितलं, कारण दोषी वाटणारी आई हे एकदा ऐकून विसरते.

पण वडील पुन्हा पुन्हा समाजावर येत. ‘नोकरी कोण देईल? भाड्यानं घर कोण देईल? कागदपत्रांवर एक नाव, समोर दुसराच माणूस, प्रत्येक खिडकीवर खुलासे करत बसायचं का? कुणी हात उगारला तर?’

अशा वेळी ‘लोकांचा विचार करू नका’ असं सांगणारे बरेच भेटतात. मला तो सल्ला पोकळ वाटतो. हे धोके खरे आहेत. ट्रान्स व्यक्तीला नोकरी नाकारली जाते, डॉक्टरकडे अपमान होतो, सार्वजनिक स्वच्छतागृहात जाणं हासुद्धा प्रसंग होऊन बसतो. इलन मेयर या संशोधकानं २००३ मध्ये समलैंगिक व्यक्तींच्या संदर्भात जी मांडणी केली आणि जी पुढे ट्रान्स व्यक्तींनाही लावली गेली, तिचा गाभा हाच आहे: या लोकांमध्ये नैराश्य जास्त दिसतं ते त्यांच्या ओळखीमुळे नाही, तर नाकारलं जाण्याच्या, लपवत राहण्याच्या सततच्या ताणामुळे. वडिलांना हे मी सांगितलं तेव्हा ते चटकन म्हणाले, ‘तेच तर मी म्हणतोय. समाजच असा आहे.’

आमचं संभाषण बराच काळ इथेच अडकलेलं होतं. मग एका भेटीला तिघांना एकत्र बोलावलं. वडिलांनी ठरल्याप्रमाणे समाज काढला. मी मुलाला विचारलं, ‘तुला कसलं भय वाटतं? बाबा म्हणतात त्याचंच?’

तो बराच वेळ बोटं मोडत बसला. मग म्हणाला, ‘रस्त्यावरचे लोक माझ्याकडे टक लावून बघतात. त्याचा त्रास होतो. पण बाबा वर्षभर माझ्याकडे बघतच नाहीयेत. ताटाकडे बघतात, टीव्हीकडे बघतात.’

आई म्हणाल्या, ‘अरे, तसं नाही…’ मी त्यांना खुणेनं थांबवलं. समुपदेशकाला अशा क्षणी काहीतरी छान बोलण्याचा मोह होतो. तो आवरता येणं हेच आमचं अर्धं कसब.

वडिलांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. आणि म्हणाले, ‘लोकांचं जाऊ दे. मलाच लाज वाटते.’

‘अहो, काय बोलताय त्याच्यासमोर!’ आई अक्षरशः खुर्चीतून उठल्या.

मुलगा मात्र शांत होता. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं, असा त्याचा चेहरा होता. तो म्हणाला, ‘मला माहीत होतं, बाबा. तुम्ही “मला काही नाही” म्हणायचात ना, त्यानं जास्त लागायचं.’

इतक्या वर्षांच्या कामात मला उमगलेली गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन. ‘समाज स्वीकारेल का’ हा प्रश्न बहुतेक घरांमध्ये खरा असतो, पण पहिला नसतो. पहिला प्रश्न ‘मला हे जमेल का’ हा असतो आणि तो विचारायची भीती वाटते, म्हणून माणूस समाजाच्या आड उभा राहतो. समाजाला माझ्यासमोर बसवता येत नाही. लाज वाटणारे वडील समोर बसलेले असतात आणि त्यांच्याबरोबर काम करता येतं. त्या दिवशी ‘लोकांना’ या शब्दाच्या जागी ‘मला’ आला आणि तिथून पुढचं सगळं शक्य झालं. वरवरच्या सभ्य स्वीकारापेक्षा अशी उघड लाज मला नेहमीच जास्त आशादायक वाटत आली आहे.

नंतर वडील एकटे येऊ लागले. लाज नेमकी कसली, हे आम्ही उलगडत गेलो. सहकाऱ्यांना कळलं तर ते म्हणतील, याला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही. त्यात तीन गोष्टींचा गुंता होता. लोक असं म्हणू शकतील, हे शक्य. म्हटलं तर वाईट वाटेल, हे नक्की. पण ते म्हणतील म्हणून मी बाप म्हणून नापास ठरतो, हे कुठून आलं? आणि वाईट वाटणं म्हणजे सहनच न होणं, हे कुणी ठरवलं? घटना, तिच्यामुळे होणारं दुःख आणि तिला आपण लावलेला अर्थ यांची गाठ सोडवणं, यावर माझी सारी भिस्त असते. वडील वैज्ञानिक वृत्तीचे, त्यामुळे पुराव्याची भाषा त्यांना पटकन भिडली.

याच काळात मी त्यांना बेन बॅरेस यांच्याबद्दल सांगितलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले हे मेंदूशास्त्रज्ञ, ट्रान्स पुरुष. १९९७ मध्ये, चाळिशी उलटल्यावर ते पुरुष म्हणून जगू लागले. त्यानंतर एका व्याख्यानाला आलेले प्राध्यापक म्हणाले म्हणे, की आजचं भाषण उत्तम झालं, यांचं काम यांच्या बहिणीच्या कामापेक्षा कितीतरी सरस आहे. अशी शास्त्रज्ञ बहीण कुणी नव्हतीच. ते आधीचं कामही त्यांचंच. बॅरेस यांनी हा किस्सा स्वतःच २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिला. २०१३ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेले. उघडपणे ट्रान्सजेंडर असलेले ते तिथले पहिले सदस्य. वडील किस्सा ऐकून मोठ्यानं हसले. माझ्या खोलीत ते पहिल्यांदाच हसत होते. मग गंभीर होऊन म्हणाले, ‘म्हणजे करिअर संपत नाही.’ मी म्हटलं, संपत नाही, पण सोपंही नसतं. आणि मूल मोठा शास्त्रज्ञ झालं नाही तरी त्याचा घरातला हक्क कमी होत नाही.

आईंचं दुःख निराळं होतं. त्यांना लाज फारशी वाटत नव्हती, त्यांचं काहीतरी हरवलं होतं. मुलीसाठी मनात रचलेलं सगळं आयुष्य, हौसेनं ठेवलेलं नाव, कपाटातले फोटो. अशा आईला ‘मूल तर तेच आहे ना’ असं लगेच ऐकवू नये. ते खरंच असतं, पण तिलाही रडायला जागा हवी. फक्त ती जागा मुलाचा खांदा नव्हे. नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ, समुपदेशकाजवळ रडा. मुलाला स्वतःच्या असण्याबद्दल तुमचं सांत्वन करायला लावू नका. फोटोंचं काय करायचं हेही त्यालाच विचारा. काही मुलांना ते नको असतात, काहींना चालतात.

आता नावाबद्दल, कारण पालक ही गोष्ट सर्वांत किरकोळ समजतात. ‘कागद बदलतील तेव्हा बघू.’ २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ ते २१ वयाच्या १२९ ट्रान्सजेंडर मुलामुलींना विचारलं गेलं, की घरी, शाळा-कॉलेजात, कामावर आणि मित्रांमध्ये तुम्ही निवडलेलं नाव वापरता येतं का. जितक्या अधिक ठिकाणी ते वापरता येत होतं, तितकं नैराश्य कमी आढळलं. आणि अशा एकेका वाढत्या ठिकाणामागे आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी. एवढ्या छोट्या अभ्यासावरून नावामुळेच सगळं झालं असं म्हणता येणार नाही. पण ज्याला काही खर्च नाही, कुणाची परवानगी लागत नाही आणि जे आज संध्याकाळी सुरू करता येतं, असं दुसरं काय आहे?

चुकाल. सगळे चुकतात. वीस वर्षांची सवय आहे. ‘आलीस… आलास’ एवढं म्हणून पुढे चला. दर वेळी कपाळावर हात मारून माफी मागितलीत, तर उलट त्यालाच तुमची समजूत काढावी लागते. आईंनी दार उघडताना ‘आलास’ म्हणायला सुरुवात केली, ती आधी आरशासमोर पुटपुटून. हे त्यांनी मला लाजत सांगितलं.

शरीराबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल चौकशी करू नका. त्याला बोलावंसं वाटेल तेव्हा तो बोलेल. प्रत्येक ट्रान्स व्यक्तीला शस्त्रक्रिया हवी असते असं नाही, आणि ती केली नाही म्हणून ओळख अर्धवट राहत नाही. हार्मोन वगैरेंचा निर्णय घ्यायचाच असेल तर जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ऐकीव माहितीवर नाही; तिथे आईवडील बरोबर गेले तर फार फरक पडतो. आणि मूल गप्प झालं, खाणं-झोप बिघडली, ‘मी नसलो तर बरं’ असं एकदा जरी बोललं, तर तो हट्ट समजू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

कुणाला सांगायचं, कधी आणि किती, हे मुलानं ठरवायचं. पालक इथे दोन टोकांना जातात. काही जण सगळं दडपून ठेवतात, तर काही अचानक उत्साहात येऊन कौटुंबिक ग्रुपवर जाहीर करून टाकतात. दुसरे हेतूनं चांगले असतात, पण ती बातमी त्यांची नसते.

आमच्या या वडिलांना आपल्या धाकट्या भावाला सांगायचं होतं. आधी मुलाला विचारा, असं मी म्हटलं. मुलगा म्हणाला, ‘सांगा, पण मी घरात नसताना.’ काय बोलायचं याची आम्ही तालीम केली, छोटी दोन वाक्यं: माझा मुलगा ट्रान्सजेंडर आहे, हे त्याचं आताचं नाव. आम्ही त्याच्या बाजूनं आहोत, तूही असावंस असं वाटतं. खुलासे नाहीत, वाद नाही.

काका जे म्हणायचं ते म्हणालेच. लाडावून ठेवलंत, डोक्यात खूळ भरलंय, आमच्या मुलांवर काय परिणाम होईल, इतक्यात घरी आणू नका. म्हणजे वडील वर्षभर ज्याला घाबरत होते, तेच शब्दशः झालं. पुढच्या भेटीला ते आले तेव्हा मी विचारलं, ‘मग?’

‘वाईट वाटलं. झोप लागली नाही रात्री,’ ते म्हणाले. ‘सकाळी उठून कामावर गेलो.’

मुलाला त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं, सारवासारव न करता. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘फोन आधी कुणी ठेवला?’

वडिलांनीच ठेवला होता. काकांकडे जाणं-येणं तूर्त बंद आहे. आई मात्र मधूनमधून काकूंशी बोलतात, आणि काकू नवं नाव विचारून घेतात, दर वेळी विसरल्यासारखं करून.