मिक्सेल्स: जाहिरात की गोष्ट?

प्रश्न: ताई, माझ्या आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या मामेभावाने लेगोच्या, म्हणजे एकमेकांत जोडायच्या ठोकळ्यांच्या, जुन्या तुकड्यांचा डबा दिला. त्यात ‘मिक्सेल्स’ची चार-पाच चित्रविचित्र पात्रं निघाली. मग त्याने त्यावरची जुनी कार्टून मालिका शोधली. आता तेच अडीच-अडीच मिनिटांचे भाग पुन्हा पुन्हा लावतो आणि एकटाच खो-खो हसतो. यांचं म्हणणं, “ही खेळणी विकायची जाहिरात आहे, बंद कर.” मला ते पटतं, पण त्याचं हसू बघून बंद करवत नाही. काय करू?

उत्तर: तुमच्या यजमानांचं म्हणणं खोटं नाही. २०१४ साली लेगो आणि कार्टून नेटवर्क यांनी खेळणी आणि मालिका बरोबरच आणली. अमेरिकेत एका पिशवीची किंमत ४ डॉलर ९९ सेंट, आत पन्नास-साठ तुकडे आणि त्यांचं बनणारं एक पात्र. अशा तिघांची एक टोळी, आणि तिघांचे तुकडे एकत्र केले की एक मोठा ‘मॅक्स’. एक पिशवी घेतली की उरलेल्या दोन हव्याच होणार, हा हिशेब त्यात उघड होता.

हा वाद तसा जुना आहे. १९६९ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातल्या गाड्यांवरची कार्टून मालिका आली, तेव्हा खेळण्यांच्याच दुसऱ्या एका कंपनीने तक्रार केली की हा कार्यक्रम नसून लांबलचक जाहिरात आहे. तिथल्या दूरसंचार आयोगाने ती तक्रार गांभीर्याने घेतली. मालिका १९७१ पर्यंतच चालली. १९८४ मध्ये आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांवरचे निर्बंध सैल केले आणि खेळण्यांवरच्या मालिकांचा पूर आला. मग १९९० चा कायदा आला: मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती तासाला शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं आणि एरवी बारा मिनिटं, त्याहून जास्त नाहीत. शिवाय ज्या खेळण्यावर मालिका आहे त्याचीच जाहिरात त्या मालिकेच्या मध्ये दाखवली, तर अख्खा कार्यक्रम जाहिरात म्हणून मोजायचा. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. खेळण्यावर गोष्ट रचायला हरकत नाही, पण गोष्ट आणि विक्री यांच्यामध्ये भिंत हवी.

तुमच्या घरात ती भिंत काळानेच बांधली आहे. मिक्सेल्सची खेळणी आणि मालिका दोन्ही २०१६ मध्येच थांबली. दुकानात नवी पिशवी येत नाही, म्हणजे या जाहिरातीला विकायला माल उरलेला नाही, गोष्ट तेवढी उरली आहे. जुन्या पिशव्या मात्र संग्राहक अजून विकतात. म्हणून मुलाला आजच सांगून ठेवा, की डब्यात आहे त्यातच खेळायचं. आणि दोन-तीन भाग यजमानांना त्याच्या शेजारी बसून बघायला लावा. एवढी विनंती मी मनापासून करते, कारण ही मालिका मला आवडते. २०१४ मध्ये मी ती माझ्या भाचीबरोबर पाहिली होती.

विनोद कुठून येतो ते बघा. टेस्लो हा विजेच्या टोळीचा पुढारी, पण त्याला उंचीची भीती. व्होलेक्ट्रोच्या अंगाला दिसेल ती वस्तू चिकटते. साइस्मोचे पाय अवाढव्य आणि स्वभाव लाजाळू. कुठल्याही दोन पात्रांच्या मध्ये ‘क्युबिट’ नावाचा छोटा चौकोन आला की दोघांचं मिळून एक तिसरंच काहीतरी होतं, आणि मेळ चुकला की होतो ‘मर्प’: हात कुठे, पाय कुठे, तोंड भलतीकडे. त्यांचं खाणंसुद्धा जोडकाम केलेलं, कुकी आणि मॅकरोनी मिळून ‘कुकिरोनी’! खलनायक ‘निक्सेल्स’ मात्र सगळे काळे-पांढरे, एकसारखे, आणि त्यांचं एकच मागणं: कोणी काही मिसळू नये. ठोकळे काढायचे, वेगळे लावायचे, चुकायचं, पुन्हा लावायचं, हाच खेळ आणि हीच गोष्ट. ती खेळण्याच्या पोटातून आली आहे, वरून चिकटवलेली नाही. खेळण्यांवरच्या किती मालिकांबद्दल असं म्हणता येईल?

भाचीने एकदा क्रेडर नावाच्या पात्राचा भलामोठा हात फ्लेन या दुसऱ्या पात्राच्या डोक्यावर लावला आणि तो आडवा झाला. “मावशी, मर्प!” म्हणून ती किंचाळली. तो मर्प आठवडाभर आमच्या खिडकीत आडवाच पडून होता, तिने कोणाला हात लावू दिला नाही.

प्रश्न: मी बारा वर्षांचा आहे. मिक्सेल्स एवढी मस्त मालिका होती, मग इतक्या लवकर का संपली? आणि ते तुकडे आता कुठेच मिळत नाहीत का?

उत्तर: कंपनीच्या बैठकीत मी नव्हते, म्हणून मला दिसतं ते सांगते. खेळण्यांचे एकूण नऊ संच आले, प्रत्येकात तीन टोळ्या आणि नऊ पात्रं. नऊ नव्वे एक्याऐंशी. म्हणजे तीन वर्षांत, दर वर्षाला सत्तावीस नवी पात्रं! टेस्लो कड्याच्या टोकाशी उभा राहिला की तो पडायच्या आधीच आपण हसतो, कारण त्याची भीती आपल्याला माहीत असते. अशी ओळख व्हायला वेळ लागतो. इथे ओळख होतेय तोवर नवी टोळी दारात हजर. पहिल्या नऊ जणांना मिळाली तेवढी जागा पुढच्यांना मिळाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. विक्रीला नवे चेहरे हवे असतात आणि विनोदाला जुने.

तुकड्यांचं मात्र उलट झालं. मिक्सेल्ससाठी लेगोने गोळी आणि वाटीचा एक छोटा सांधा बनवला होता, तोच, ज्याने हात-पाय सगळीकडे वळतात. तो लेगोच्या इतर संचांमध्ये आजही येतो, आणि मोठ्या वयाचे हौशी लोक त्याला ‘मिक्सेल जॉइंट’च म्हणतात. तुझ्याकडच्या एखाद्या ड्रॅगनचे किंवा यंत्रमानवाचे खांदे उघडून बघ. असे चार सांधे आणि दोन गोल डोळे मिळाले की काम झालं. त्याला नाव दे, त्याला कशाची भीती वाटते ते ठरव, आणि मला लिहून कळव.